मँगनीज नक्की कोणी शोधलं, शेले की गान? (घरातल्या काळ्या दगडावरून पडलेला प्रश्न)

कुशावतीकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न शाळेचा आहे पण माझ्यासाठी घरचाच आहे, म्हणून जरा लांबण लावते, वाचून घ्या.

माझी मुलगी दहावीत आहे. शाळेत प्रोजेक्ट दिलाय, एक धातू निवडायचा आणि तो शोधणाऱ्या माणसाचं चरित्र लिहायचं. वर्गातल्या बऱ्याच जणींनी रेडियम आणि मेरी क्युरी घेतलंय. हिने मँगनीज घेतलं. कारण माझी आजी, म्हणजे हिची पणजी, गोवा मुक्तीच्या आधी इथल्या रिवणच्या बाजूला मँगनीजच्या खाणीवर कामाला जायची. वय असेल सतरा-अठरा. खणलेला माल एका जागी ओतायचे आणि बायका रांगेने बसून हाताने निवडायच्या, चांगला दगड एका बाजूला आणि माती-चिरा दुसऱ्या बाजूला. आजी आता ८७ वर्षांची आहे, डोळ्यांना कमी दिसतं पण बोलणं अजून खणखणीत. घरात देवळीत तिने त्यातलाच एक काळा दगड ठेवलाय, मुठीत मावेल एवढा, लहानपणी आम्ही तो हातात घेतला की बोटं काळी व्हायची आणि मग आईचा ओरडा.

तर मुलीने माहिती शोधायला घेतली आणि गोंधळ सुरू झाला. एका पुस्तकात म्हटलंय १७७४ साली कार्ल विल्हेल्म शेलेने मँगनीज शोधलं, दुसरीकडे त्याच सालात योहान गॉटलिब गान याने शोधलं असं आहे. दोघंही स्वीडनचे. शेलेबद्दल पानंच्या पानं मिळतात, गानबद्दल चार ओळी, त्यासुद्धा सगळीकडे त्याच. तिला वाटतंय गानवर लिहावं, पण लिहिणार काय? हा माणूस होता कोण, त्याने नक्की काय केलं, आणि एवढं करून त्याचं नाव कुणाला माहीत कसं नाही? इथे केमिस्ट्रीवाले, खाणीवर काम केलेले बरेच जण आहेत म्हणून विचारते. शुक्रवारपर्यंत वेळ आहे.

निवृत्त_मास्तर_फोंडा

बाय, तुझ्या मुलीला माझ्याकडून शाबासकी दे. एकतीस वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवली, मँगनीज घेऊन आलेलं पोर एकदाही भेटलं नाही, आणि हे आपण कुठे बसून म्हणतोय तर मँगनीजच्या खाणींच्या, सांगे-केप्याच्या शेजारी!

दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर आहेत. ही नवीन धातूची माती (आजच्या भाषेत ऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनशी जुळलेला धातू) आहे हे शेलेने सिद्ध केलं, आणि त्या मातीतून धातू बाहेर काढून दाखवला गानने. आता नीट सांगतो.

तो काळा दगड, पायरोलुसाइट, म्हणजे आजचं मँगनीज डायऑक्साइड, लोकांना फार जुन्या काळापासून माहीत होता. काच करणारे तो वापरायचे. वाळूत लोखंड असतं त्यामुळे काच हिरवट येते, त्यात हा दगड थोडासा घातला की हिरवटपणा जातो, म्हणून त्याला काचवाल्यांचा साबण म्हणायचे. पण हा आहे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, बहुतेकांची समजूत की हे कसलंतरी लोखंडाचं खनिज असणार. १७४० साली बर्लिनच्या पॉट नावाच्या केमिस्टने दाखवलं की यात लोखंड नाही. मग आहे काय, तो प्रश्न पुढची तीस वर्षं तसाच पडून राहिला.

आता गान. जन्म १७४५, वोक्सना नावाच्या लोखंडाच्या कारखान्याच्या गावी. १७६२ मध्ये उप्सालाला शिकायला गेला आणि तिथे टॉर्बर्न बर्गमन या मोठ्या प्रोफेसरच्या हाताखाली तयार झाला. शेले त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा, पण तो कॉलेजात कधी शिकलाच नाही, चौदा-पंधरा वर्षांचा असताना औषधाच्या दुकानात उमेदवारीला लागलेला पोरगा, दिवसा पुड्या बांधायच्या आणि रात्री प्रयोग. १७७० च्या सुमारास तो उप्सालाच्या एका औषधवाल्याकडे नोकरीला होता.

या दोघांची गाठ कशी पडली ते मुलीने जरूर लिहावं. बर्गमनकडे सोरा होता (पोटॅशियम नायट्रेट). तो खूप तापवून गार केला आणि त्यावर व्हिनेगरचं ॲसिड घातलं की लाल धूर निघायचा, न तापवलेल्या सोऱ्यातून मात्र काही नाही. प्रोफेसरला उलगडा होईना. गानने ही गोष्ट औषधाच्या दुकानात जाऊन बोलून दाखवली आणि मागे पुड्या बांधणाऱ्या शेलेने तिथल्या तिथे सांगितलं की तापवल्यावर सोऱ्याचं वेगळंच मीठ तयार होतं आणि त्याचं ॲसिड इतकं कमजोर असतं की व्हिनेगरसुद्धा त्याला हुसकून लावतं. गानने हे प्रोफेसरच्या कानावर घातलं आणि दोघांची ओळख करून दिली. बर्गमनसारख्या माणसाच्या घराचं दार शेलेला उघडलं ते असं. आणि त्या दगडावर काम करायला शेलेला सांगितलं ते बर्गमननेच.

शेले तीन वर्षं त्या काळ्या पुडीच्या मागे होता. १७७४ मध्ये त्याने जो निबंध छापला त्यात काय काय आहे बघ. एक, ही नव्या धातूची माती आहे. दोन, त्या दगडात बॅराइटा नावाची आणखी एक नवीन माती सापडली, पुढे तिच्यातूनच बेरियम निघालं. तीन, मिठाच्या (हायड्रोक्लोरिक) ॲसिडमध्ये ती पुडी घालून तापवली की पिवळट हिरवा, नाक जाळणारा वायू येतो, फुलं-पानं पांढरी करून टाकणारा. तो क्लोरिन, फक्त हे मूलद्रव्य आहे हे नक्की करून त्याला नाव दिलं ते १८१० साली हम्फ्री डेव्ही या इंग्लिश केमिस्टने. शिवाय हीच पुडी सल्फ्युरिक ॲसिडबरोबर तापवून शेलेने ऑक्सिजनही काढला होता. एका काळ्या दगडातून एवढं सगळं!

पण धातू काही हाती येईना. बर्गमननेही प्रयत्न केले, जमलं नाही. तेव्हा शेलेने स्वच्छ केलेली पुडी गानकडे पाठवली. गान तोवर फालुनला गेला होता, तांब्याच्या खाणीवर, भट्ट्यांमध्ये वावरणारा माणूस. त्याने मुशीला आतून ओल्या कोळशाच्या भुकटीचं अस्तर दिलं, पुडी तेलात कालवून आत ठेवली, वर पुन्हा कोळशाची भुकटी, त्यावर दुसरी मूस उपडी लावून सांधा लिंपला आणि तासभर जबरदस्त आंच दिली. फोडून बघतो तर आत धातूचं बटण, वजन मूळ पुडीच्या साधारण तिसरा हिस्सा. तेच मँगनीज.

हे वाचायला सोपं वाटतं. मँगनीजचा ऑक्साइड आपला ऑक्सिजन सहजासहजी सोडत नाही, लोखंडापेक्षा कितीतरी हट्टी, आणि धातू वितळायलाच १२४६ अंश सेल्सियस लागतात. कोळशाच्या भट्टीत ती आंच तासभर टिकवायची, आणि हवा आत शिरली तर तयार झालेला धातू परत जळून माती. बर्गमन विद्वान होता पण हे काम हाताला भट्टीची सवय असलेल्या माणसाचंच.

म्हापशाचा_शुक्रवार

सर एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. पण मला यात शेलेवर अन्याय झाल्यासारखा वाटतो. तीन वर्षं घासला तो, नवीन धातू आहे हे ओळखलं त्याने, पुडी साफ करून पाठवली त्याने, आणि शेवटच्या एका तासाच्या आंचेचं श्रेय दुसऱ्याला. ऑक्सिजनचंही त्याच्या बाबतीत असंच झालं, इंग्लंडच्या प्रीस्टलीच्या आधी काढला होता पण पुस्तक छापून आलं १७७७ ला, तोवर प्रीस्टलीचं नाव झालं होतं. बिचारा ४३ व्या वर्षी गेला. त्याच्यावरच लिहायला सांगा मुलीला, असं माझं मत.

कुडचडे_लॅबवाला

बोलू का मध्ये. मी केमिस्ट्रीचा प्रोफेसर नाही, खाणीवरच्या लॅबमध्ये वीस-बावीस वर्षं सॅम्पल केली, २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा बाहेर पडलो. म्हापशाच्या भावा, शेलेचं मोठेपण कुणी नाकारत नाही रे, पण "एका तासाची आंच" असं म्हणू नकोस. आमच्याकडे नवीन बीएस्सी झालेली मुलं यायची, थिअरी पाठ, आणि सॅम्पल वितळवायला (फ्यूज करायला) बसली की क्रुसिबल, म्हणजे मूस, फुटायचं. तो एक तास शिकायला दहा वर्षं जातात.

आणि गानने श्रेय घेतलं असंही नाही, उलट आहे. हा माणूस छापतच नव्हता! जे सापडेल ते बर्गमनला, शेलेला पत्रातून कळवायचं आणि मोकळं व्हायचं. हाडांचं उदाहरण घ्या. हाडांमध्ये कॅल्शियम फॉस्फेट असतं हे १७७० च्या सुमारास गानच्या लक्षात आलं, त्याने ते शेलेला सांगितलं आणि शेलेने ते पुढे नेलं. त्याआधी फॉस्फरस काढायचा तर लघवी आटवत बसायला लागायचं, बादल्याच्या बादल्या. नंतर हाडांपासून निघायला लागला, आणि पुढे काडेपेटीचा सगळा धंदा त्यावर उभा राहिला. पुस्तकात शेलेचं नाव येतं. शेलेने नाव लपवलं असंही नाही, गानलाच त्याची पडलेली नव्हती.

त्याची खरी ख्याती होती फुंकणीची. आपले सोनार डाग देताना तोंडात धरतात ना तीच वाकडी नळी, दिव्याच्या ज्योतीत फुंकायची आणि ज्योतीचं टोक कोळशावर ठेवलेल्या कणावर पाडायचं. गाल फुगवून ठेवायचे, नाकाने श्वास घ्यायचा आणि गालातल्या हवेने फुंक चालू ठेवायची, सनईवाले करतात तसं, फुंक तुटता कामा नये. गान कुठेही प्रवासाला निघाला तरी फुंकणी बरोबर असायची. बर्झेलियस, म्हणजे पुढच्या पिढीतला सगळ्यात मोठा स्वीडिश केमिस्ट, त्याच्याकडून शिकला, आणि त्याने लिहून ठेवलंय की कागदाचा पाव ताव जाळून त्या राखेतून फुंकणीने तांब्याचे कण काढून दाखवताना त्याने गानला अनेकदा पाहिलंय. पाव ताव कागदाची राख म्हणजे किती, चिमूटभरसुद्धा नाही. त्यातलं तांबं! आमच्या लॅबमध्ये शेवटी शेवटी मशीन आलं होतं, बटण दाबलं की आकडा, पण हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या.

मँगनीज ओळखायची फुंकणीची खूण मीही केलेली आहे, आमचे जुने चीफ केमिस्ट नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात ती करायला लावायचे. तारेच्या नाक्यात टाकणखार (बोरॅक्स) वितळवून मणी करायचा, त्याला दगडाची भुकटी किंचित लावायची. बाहेरच्या ज्योतीत धरला की मणी जांभळा, आपलं जांभूळ चोखल्यावर जिभेचा रंग होतो तसा. आतल्या ज्योतीत धरला की रंग गायब. परत बाहेर, परत जांभळा. कितीही वेळा करा.

हे सगळं ज्ञान गानच्या हातात होतं. लोक मागे लागायचे की लिहा, त्याने फारसं लिहिलं नाही. तो १८१८ ला गेला आणि १८२० मध्ये बर्झेलियसने फुंकणीवर पुस्तक काढलं, त्यात गानच्या रीती सगळ्या जपून ठेवल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या.

मुलीला अजून एक सांगा, फालुनबद्दल. स्वीडनची ही तांब्याची खाण हजारेक वर्षं चालली. १६८७ मध्ये मधला आख्खा भाग कोसळून प्रचंड खड्डा पडला, नेमका सणाचा दिवस होता, सुट्टी, म्हणून कुणी मेलं नाही. गान तिथे १७७० ला गेला तो जवळजवळ आयुष्यभर. तांब्याच्या भट्ट्या सुधारल्या, गंधक, व्हिट्रिऑल (धातूंची सल्फेटं), आणि खाणीच्या टाकाऊ मालापासून तांबडा रंग, असे कारखाने उभे केले. स्वीडनमधल्या लाकडी घरांचे फोटो बघा, सगळी तांबडी, तो रंग फालुनचा. म्हातारपणी बर्झेलियसबरोबर सल्फ्युरिक ॲसिडच्या कारखान्यात भागीदारी केली, माल फालुनचाच, आणि तिथल्या तांबड्या गाळातून बर्झेलियसला १८१७ मध्ये सेलेनियम सापडलं. म्हणजे सत्तरी ओलांडलेला गान पुन्हा एका नव्या मूलद्रव्याच्या शेजारी उभा. खाण १९९२ ला बंद झाली आणि आता जागतिक वारसा आहे, लोक तिकीट काढून खाली उतरतात. आपल्याकडे खड्ड्यांत पाणी साचलंय. हा विषय वेगळा, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तांबडी_माती

एक भर घालतो. व्हिएन्नाच्या इग्नाझ काइम नावाच्या माणसाने १७७० मध्येच, म्हणजे गानच्या चार वर्षं आधी, हा दगड पोटॅश आणि कोळशाच्या मिश्रणाबरोबर तापवून निळसर पांढरा ठिसूळ धातू काढल्याचं आपल्या प्रबंधात लिहिलंय. कुणी लक्ष दिलं नाही. तेव्हा प्रोजेक्टमध्ये "सर्वांत पहिल्यांदा" असं ठासून लिहू नका, "१७७४ मध्ये गानने वेगळं काढलं" एवढं लिहा, ते कुणी खोडू शकणार नाही.

कुशावतीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, मुलगी माझ्या शेजारी बसून वाचतेय आणि वहीत उतरवून घेतेय. तिने गानच नक्की केला. (म्हापशाच्या दादांना सांग, शेलेवर दोन पानं नक्की लिहीन, असं म्हणतेय.)

दोन शंका आहेत. एक, मँगनीज आणि मॅग्नेशियम नावं इतकी सारखी कशी? दोन, आजीचा दगड खरंच मँगनीजचा आहे की लोखंडाचा, हे घरच्या घरी कसं बघायचं? आजीला विचारलं तर ती म्हणते, "जड आसल्यार दवर, हलको आसल्यार उडय" (जड असेल तर ठेव, हलका असेल तर फेक), आम्हाला एवढंच सांगितलेलं.

निवृत्त_मास्तर_फोंडा

नावाचं उत्तर आधी. जुन्या काळी दोन मॅग्नेशिया होते, पांढरा आणि काळा. पांढरा म्हणजे पोटाच्या औषधातला, काळा म्हणजे तुमच्या घरातला दगड. काळ्यातून निघालेल्या धातूला बर्गमनच्या वेळी मॅग्नेशियम म्हणायचे! पुढे १८०८ मध्ये डेव्हीने पांढऱ्यातून धातू काढला तेव्हा ते नाव आधीच गुंतलेलं, म्हणून त्याने आपल्या धातूला मॅग्नियम म्हटलं. नंतर लोकांनी अदलाबदल करून टाकली, पांढऱ्यातला मॅग्नेशियम झाला आणि काळ्यातला मँगनीज. दर वर्षी पेपरात मुलं या दोघांच्या संज्ञा उलटसुलट लिहायची आणि मी मार्क कापायचो, पण खरं सांगायचं तर केमिस्ट लोकसुद्धा बरीच वर्षं त्यात अडखळत होते.

आता परीक्षा. चिनी मातीचा पांढरा कप उपडा करा, बुडाला जी खरखरीत बिनचकाकीची कड असते तिच्यावर दगड ओढा. रेघ काळी आली तर पायरोलुसाइट. लालसर आली तर हेमटाइट, म्हणजे लोखंड. पिवळट तपकिरी आली तर तेही लोखंडच, पण पाणी धरलेलं. दुसरं, मेडिकलमध्ये जखमेसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, त्याचे चार थेंब दगडावर टाका, मँगनीज डायऑक्साइड असेल तर फसफसून ऑक्सिजन निघेल.

आणि हे नीट वाच बाय. बाथरूम साफ करायचं ॲसिड त्या दगडावर चुकूनही टाकायचं नाही. शेलेने क्लोरिन काढला तो याच दोन गोष्टींतून. बंद न्हाणीघरात असला प्रयोग केला तर छातीला लागतो तो वायू. दगड कुटून भुकटी करायलाही मुलीला देऊ नकोस, मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की मज्जासंस्थेवर परिणाम होतो, ग्लासगोला हे खनिज दळणाऱ्या कामगारांचे हाल १८३७ मध्येच एका डॉक्टरने लिहून ठेवलेत. नुसता हाताळायला काही हरकत नाही, हात धुवायचे.

कुडचडे_लॅबवाला

"जड तो ठेव" हे बरोबरच आहे आजींचं. पायरोलुसाइट पाण्याच्या जवळजवळ पाचपट जड, चिऱ्याचा दगड त्यापुढे हलका, हातात घेतला की फरक कळतो. पण लोखंडाचा चांगला दगडही तितकाच जड, किंबहुना थोडा जास्त. आपल्याकडे दोन्ही एकाच डोंगरात मिसळून येतात. मग नुसत्या वजनावर आजी दोन्ही वेगळे कसे करायच्या? आजींना हे जरूर विचारा, मला फार उत्सुकता आहे. आमच्याकडे ते काम लॅबमध्ये व्हायचं, सॅम्पल ॲसिडमध्ये विरघळवून झिंक ऑक्साइडने लोखंड खाली बसवायचं आणि मग गरम द्रावणात परमँगनेट थेंब थेंब सोडायचं, गुलाबी रंग टिकला की थांबायचं. ते परमँगनेट, पूर्वी विहिरीत टाकायचे तेच, तेही मँगनीजचंच.

कुशावतीकाठ

रविवारी आजीकडे जाऊन आलो. सगळं लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात.

जाताना वाटेत मुलीने रस्त्याच्या कडेचा एक काळपट जड दगड उचलला होता. तो आणि देवळीतला, असे दोन दगड तिने आजीच्या ओच्यात ठेवले, कुठला कुठला ते सांगितलं नाही. आजीने एक उचलला, दोनदा वरखाली झुलवला. मग दुसरा. दोन्ही जड. मग तिने अंगठा तोंडाजवळ नेऊन ओला केला, एका दगडावर घासला आणि तो अंगठा मुलीच्या तळहातावर टेकवला. तांबूस ठसा. दुसरा अंगठा ओला केला, दुसऱ्या दगडावर घासला, तिच्या दुसऱ्या तळहातावर टेकवला. काळाकुट्ट. म्हणाली, "हात तांबडो जालो जाल्यार लोखंड, काळो जालो जाल्यार मँगनीस." डोळ्यांनी दगड बघितलेसुद्धा नाहीत तिने. मग आम्ही कपाच्या बुडावर रेघा ओढल्या, एक लाल, एक काळी. पेरॉक्साइडही टाकलं, देवळीतल्या दगडावर असं फसफसलं की आजी दचकली आणि मग हसायला लागली, "जितो आसा मरे!" (जिवंत आहे की रे!)

मुलीने तिला गानची गोष्ट सांगितली, कोळशाचं अस्तर, तेल, तासभर आंच. आजी शेवटपर्यंत ऐकत होती. मग तिने एकच प्रश्न विचारला, की तो गान हात कशाने धुवायचा. आम्हाला कुणालाच उत्तर देता येईना. तेव्हा ती म्हणाली, साबणाने ते काळं जात नाही, आम्ही संध्याकाळी ओहोळावर बसून बिंबलां (बिलिंबीची आंबट फळं) चिरडून हात घासायचो, तेव्हा कुठे नखांमधलं निघायचं, नाहीतर भाकरी काळी व्हायची. आम्ही मागीलदारची चार बिंबलं काढून करून बघितलं. मुलीचा काळा तळहात खरंच साफ झाला, साबण लावून झाला नव्हता. लॅबवाले दादा, हे कसं काय होतं?

कुडचडे_लॅबवाला

ताई, अंगावर काटा आला वाचून. अंगठ्याची परीक्षा म्हणजे मास्तरांच्या कपाच्या बुडाचीच परीक्षा, फक्त कप नव्हता त्यांच्याकडे.

बिंबलात ऑक्झॅलिक ॲसिड भरपूर असतं. ते मँगनीज डायऑक्साइडचा ऑक्सिजन काढून घेतं आणि उरलेलं मँगनीज पाण्यात विरघळतं, त्याला रंग जवळजवळ नसतोच. साबणाला हे जमत नाही. आणि आता ऐका, दगडात डायऑक्साइड किती टक्के आहे हे काढायची लॅबमधली पद्धत हीच. मोजून ऑक्झॅलिक ॲसिड घालायचं, जोडीला सल्फ्युरिक, दगडाची भुकटी त्यात जिरू द्यायची आणि शिल्लक राहिलेलं ॲसिड परमँगनेटने मोजायचं. मी हे हजार वेळा तरी केलं असेल. आमच्या आईच्या घरीही बिंबलाचं झाड होतं, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही.

निवृत्त_मास्तर_फोंडा

आणि हे ऑक्झॅलिक ॲसिड साखरेपासून पहिल्यांदा करून दाखवलं ते शेलेने. १७७६ च्या बर्गमनच्या प्रबंधात ते आलं. आंबट पाल्यातलं ॲसिड आणि हे एकच आहे हेही पुढे १७८४ मध्ये त्यानेच सिद्ध केलं. म्हापशाच्या शुक्रवारांना कळवा, शेलेची दोन पानं आता चार होणार.

प्रोजेक्ट लिहून झाला की इथे टाक बाय. आणि आजींच्या अंगठ्याचे दोन ठसे कागदावर घे, तांबडा एक, काळा एक, पहिल्या पानावर चिकटवायला.

कुशावतीकाठ

ठसे कालच घेतले सर. आजीने तिसराही दिला, बिंबलाने धुतलेल्या अंगठ्याचा, काहीच उमटलेलं नाही. मुलीने त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल काढून ठेवलाय.